कागदाचे वालखिल्य

डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या सोप्यात आम्ही उन्हाला पाठ देऊन वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. इतक्यात दुसरीत शिकणारी आमची नात दप्तर फरफटत आली आणि म्हणाली, “आज्जा, उद्याच्याला एल्फ करून न्यायचाय. टीचरनी सांगितलंय.”

साडेतीन दशके सरकारी चाकरीत काढल्यामुळे ‘उद्यापर्यंत सादर करावे’ या भाषेची आम्हांस सवय आहे. परंतु जे सादर करावयाचे ते मुळात काय, हेच ठाऊक नसण्याचा प्रसंग विरळा. आम्ही विचारले, “एल्फ म्हणजे कोण गं?”

तिने आमच्याकडे दयार्द्र नजरेने पाहिले. “सांताचा माणूस. बुटका असतोय. हिरवी टोपी, टोकदार कान. सगळ्या मुलांची खेळणी तोच करतोय. रात्रीचं.”

“रात्रीचंच का?”

“दिवसा लोक बघतात की!”

हे उत्तर त्या वेळी आम्ही हसण्यावारी नेले. त्याची आठवण पुढे आठवडाभर आम्हांस पुरणार होती, याची तेव्हा कल्पना नव्हती.

आम्ही जुन्या वळणाची माणसे. चार पिढ्यांपूर्वी आमचे पूर्वज या गावी आले आणि इथलेच झाले. दिवाळीत दारापुढे मातीचा किल्ला करावा, त्यावर मोहरी पेरून हिरवळ उगवावी, बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे उभे करावेत, ही आमच्या घरातली मुलांची हस्तकला. त्यामुळे एल्फचे नाव ऐकताच ‘हे कुठले परक्यांचे खूळ’ असे उद्गार आमच्या तोंडून निघून गेले. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “दिवाळीत किल्ल्यावर प्लास्टिकचा जिराफ ठेवू दिलात ना? मग एल्फनंच काय घोडं मारलंय?” बिनतोड मुद्दा होता. आम्ही वर्तमानपत्राची घडी घातली आणि पायांत चपला सरकवून गणपत गल्लीकडे निघालो.

हिरवा आणि तांबडा घोटीव कागद, फेविकॉलची बाटली आणि कापूस एवढी सामग्री आली. घडणीला आरंभ झाला. एल्फचे धड म्हणून अगरबत्तीचे पुठ्ठ्याचे नळकांडे घेतले. त्याचा व्यास साडेचार सेंटिमीटर भरला. टोपीसाठी सुरळी करावयाची होती. किती मोठे वर्तुळ घ्यावे, यावर आजोबा आणि नात यांच्यात बराच खल झाला. शाळेत शिकलेली भूमिती अशा वेळी उपयोगी पडते. अर्ध्या वर्तुळाची सुरळी केली की तिच्या तोंडाचा व्यास मूळ वर्तुळाच्या व्यासाच्या निम्मा होतो. म्हणून १० सेंटिमीटर व्यासाची आमटीची वाटी कागदावर उपडी घातली, पेन्सिलीने रेघ मारली आणि वर्तुळ मधोमध कापले. सुरळीचे तोंड ५ सेंटिमीटरांचे झाले. चिकटवताना कड थोडी एकावर एक ओढली तेव्हा टोपी डोक्यावर चपखल बसली. नातीने टाळी वाजवली. दाढीसाठी कापूस होताच, पण तिला तो पसंत पडला नाही. “सांता पांढऱ्या दाढीचा. एल्फची दाढी तांबूस पायजे.” शेवटी देव्हाऱ्यापुढच्या नारळाची शेंडी पिंजून तिची दाढी केली. डोळे म्हणून आजीच्या दोन काळ्या टिकल्या आल्या. असा तो परदेशी पाहुणा आमच्या घरातल्या सामानातून उभा राहिला.

रात्री नात झोपल्यावर आम्ही या पाहुण्याची चौकशी आरंभिली. सेवानिवृत्त माणसाला वेळ असतो आणि चौकशीची खोड सुटलेली नसते. एल्फ हा शब्द फार जुना. ख्रिस्ती धर्म उत्तर युरोपात पोहोचण्यापूर्वीच तिकडच्या लोकांच्या कल्पनेत ही अदृश्य मंडळी वावरत होती. अल्फ्रेड या नावातला पहिला भाग याच शब्दाचा. त्याचा अर्थ ‘एल्फांचा सल्ला लाभलेला’ असा सांगतात. आमच्या कँपात हे नाव ऐकू येते, पण आजवर त्याचा अर्थ आम्ही कुणाला विचारला नव्हता. नॉर्वे, डेन्मार्क या देशांत शेतघराची राखण करणारा ‘निस्से’ नावाचा बुटका असतो. नाताळच्या रात्री त्याच्यासाठी खिरीचा वाडगा, वर लोण्याचा गोळा घालून, गोठ्यात ठेवण्याची रीत आहे. एकदा वाड्यात लोणी दिसेना म्हणून तो संतापला आणि त्याने गाय मारली. मग खीर खाता खाता तळाशी लोणी सापडले, तेव्हा तो ओशाळला, अशी कथा तिकडे सांगतात. आपल्याकडे खानापुराच्या खाली कोकण-गोव्याच्या बाजूस राखणदाराला रोट देतात, त्याची आम्हांस आठवण झाली. राबणाऱ्याचा आणि राखणाऱ्याचा वाटा चुकवू नये, ही समज दोन्हीकडे एकच.

सांताक्लॉजच्या कारखान्यातला एल्फ मात्र त्या मानाने अलीकडचा. बायबलात एल्फ कोठेही नाही. १८२३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या कवितेत खुद्द संत निकोलसलाच एल्फ म्हटले आहे; म्हणजे तेव्हा मालक आणि कामगार एकच होते. पुढे १८७३ साली तिकडच्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकात सांता मध्ये बसलेला आणि भोवती खेळणी घडवणारे बुटके, असे चित्र आले. हा काळ अमेरिकेत कारखाने वाढण्याचा. पूर्वी घरोघरी खेळणी तासणारे हात दिसत असत; ती दुकानातून विकत येऊ लागल्यावर ती कोण करतो ते दिसेनासे झाले. ती रिकामी जागा एल्फांनी भरून काढली असावी, असे आमचे मत आहे.

या एल्फाचा आणखी एक अवतार २००५ साली एका अमेरिकन मायलेकींनी पुस्तक आणि बाहुला यांच्या रूपाने बाजारात आणला. हा बाहुला फळीवर बसून दिवसभर मुलांवर नजर ठेवतो आणि रोज रात्री उत्तर ध्रुवावर जाऊन सांताला त्यांच्या वागणुकीचा वृत्तान्त देतो. हे वाचून आम्ही एकटेच हसलो. ज्याने हयातभर गोपनीय अहवाल भरून घेतले आणि हाताखालच्यांचे भरले, त्याला हा एल्फ परका वाटावा कसा? मात्र मुलांच्या खेळात तरी गोपनीय अहवाल नसावा, असे वाटले. आमच्या नातीचा एल्फ कोणाकडे काही कळवणार नाही, असे आम्ही मनोमन ठरवून टाकले.

दुसऱ्या दिवशी कँपातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी जाण्याचा योग आला. बेळगावचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत १९५३ साली झाला. या मंडळींची इथली वस्ती त्याहून जुनी. घरात कुलकुलांचा घाट घातला होता. मोठे टेबल, त्याभोवती तीन पिढ्या, प्रत्येकाच्या हातात एक काटा नाहीतर स्वच्छ कंगवा. पिठाची गोळी त्यावर दाबायची आणि गुंडाळी करून सोडायची, की शंखासारखे नक्षीदार कुलकुल तयार. लहान पोरे बिघडवत होती आणि बिघडलेलेही तळणात जात होते. आमच्याकडे दिवाळीत करंज्यांभोवती अशीच मंडळी जमते. घरच्या बाईंना आम्ही एल्फाविषयी विचारले. त्या म्हणाल्या, “आमच्याकडं गोठा करायचा असतो, साहेब. बाळ येशूची गव्हाण. एल्फ टीव्हीतनं आलाय. पण पोरांना आवडतंय, करू देत की.” अंगणात मोठी मुले जुनी विजार आणि सदरा यांत गवत कोंबून ‘ओल्ड मॅन’ करीत होती. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री सरत्या वर्षाचा हा म्हातारा बेळगावात चौकाचौकांत जाळतात. त्यात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशी सगळीच पोरे असतात. त्याच्या गवताने भरलेल्या पोटाकडे पाहून आम्हांस आमचे वय उगीचच आठवले.

इकडे आमच्या नातीने वर्गात ‘माझा आज्जा एल्फ करतोय’ अशी दवंडी पिटली होती. परिणामी नाताळच्या सुट्टीआधीच्या हस्तकलेच्या तासाला मदतीसाठी येण्याचे आमंत्रण आम्हांस आले. दाढीची शेंडी आणि चिंचोक्यांची पिशवी घेऊन आम्ही वर्गात दाखल झालो. ४० मुले, घरची भाषा कुणाची मराठी, कुणाची कन्नड, कुणाची कोंकणी, कुणाची उर्दू. बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून पाने, बिया, शिंपले यांतून बालशिक्षण कसे उभे केले, हे आम्ही तरुणपणी वाचले होते. परक्या बाहुल्यालाही आपल्या मातीतली सामग्री चालते, हे पाहून त्या दोघींना आनंदच झाला असता.

बाईंनी त्या दिवशी वर्गाचा ‘सांताचा कारखाना’ केला होता. एका बाकावर फक्त टोप्या, दुसऱ्यावर फक्त कान, तिसऱ्यावर डोळे, चौथ्यावर चिकटवणे. कल्पना चांगली होती. मुले मोजत होती, जोड्या लावत होती, एका एल्फाला दोन कान तर ४० एल्फांना किती, याचा हिशेब फळ्यावर मांडत होती. अर्ध्या तासात खिडकीत ४० एल्फांची रांग लागली, सगळे एका साच्यातले. बाईंनी प्रत्येकाला एकेक उचलायला सांगितले. तेव्हा कानांच्या बाकावरचा एक मुलगा जागचा हलेना. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने ८० पैकी निम्मे कान एकट्याने कापले होते. “ह्यातला माझा कुठला?” तो म्हणाला. “मी नुसते कानच केलोय.”

बाई समंजस. त्यांनी रांग तिथेच राहू दिली आणि उरलेल्या कागदातून प्रत्येकाने आपला आपला एल्फ पहिल्यापासून करावा, असे सांगितले. हे दुसऱ्या खेपेचे एल्फ वाकडे झाले. एकाला तीन कान आले, एकीच्या एल्फाने नऊवारीची किनार नेसली, एकाची टोपी इतकी मोठी झाली की आत एल्फ आहे की नाही अशी शंका यावी. पण कानांच्या बाकावरच्या त्या मुलाने आपला एल्फ दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. काम तेच, कागद तोच. फरक इतकाच, की त्यात आपला हात कुठे आहे ते आता त्याला दाखवता येत होते.

उरलेल्या वेळात गोष्ट सांगण्याची जबाबदारी आमच्यावर आली. ग्रिम बंधूंनी १८१२ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहातली चांभाराची आणि बुटक्यांची गोष्ट आम्ही निवडली. गरीब चांभाराकडे एकाच जोडाचे चामडे उरते. तो संध्याकाळी कापून ठेवतो आणि सकाळी पाहतो तो जोडा शिवून तयार. त्याच्या पैशातून दोन जोडांचे चामडे येते, मग चारांचे. नाताळ जवळ आलेला असतो. नवराबायको एका रात्री लपून बसतात, तेव्हा दोन उघडे बुटके येऊन भराभर शिवू लागतात. थंडीत त्यांच्या अंगावर वस्त्र नाही हे पाहून चांभाराची बायको त्यांना इवलेसे कपडे शिवते, चांभार जोडे करतो. ते घालून बुटके नाचत निघून जातात आणि पुन्हा येत नाहीत. मुलांना जवळचे वाटावे म्हणून आम्ही चांभाराला निपाणीस आणून बसवले आणि जोड्याच्या जागी कोल्हापुरी चप्पल घातली. ती चप्पल निपाणीत, अथणीतही होते. म्हणूनच तिच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातले चार आणि बेळगावसह कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. तिची बारीक वेणी बहुधा घरातल्या बायका विणतात, हेही सांगितले.

गोष्ट संपली. एका मुलीने हात वर केला. “आजोबा, सांताच्या एल्फांना पगार किती?” वर्ग हसला. ती हसली नाही. “आणि ते शाळेला कधी जातात?”

आम्ही काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही. कारण त्या क्षणी आम्ही वर्गात नव्हतो. ३५ वर्षांमागच्या एका हिवाळी संध्याकाळी, त्या वेळी चिकोडी तालुक्यात असलेल्या निपाणीच्या एका बोळात उभे होतो.

आमची नोकरी कामाच्या जागा तपासण्याची. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालच्या १९८१ सालच्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाची आणि त्यातल्या गोळीबाराची आठवण गावात अजून ताजी होती. वखारींतून तंबाखूची तीव्र धूळ उडे. बोळात शिरताच शिंका येत. बिडीचे काम घरोघरी चाले. ठेकेदार पाने आणि जर्दा देई. बाया पाने भिजवून, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापून, सुपात जर्दा घेऊन बिड्या वळत आणि हजारी दराने मजुरी घेत. छाट निघाल्या तर पैसे कापले जात. ठेकेदाराच्या वहीवर बाईचे एकटीचे नाव असे.

त्या संध्याकाळी वीज गेली होती. एका खोलीत चिमणीच्या उजेडात एक बाई वळत बसली होती आणि तिच्या गुडघ्याला टेकून आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा वळलेल्या बिड्यांची तोंडे मुडपत होता. बोटे पाहू जाता दिसत नव्हती, इतकी जलद. आम्हांस पाहून त्याने हात पाठीमागे नेले. “शाळेला जातोस का रे?” आम्ही विचारले. उत्तर आईने दिले. “जातंय की साहेब, दिवसाचं जातंय. रातीचं जरा हात लावतंय मला.”

१९८६ सालचा बालकामगार कायदा आम्हांस तोंडपाठ होता. बिडी वळणे हे काम त्यात मुलांना निषिद्ध होते. पण त्याच कलमाला एक परंतुक होते. स्वतःच्या कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कामास ती बंदी लागू नव्हती. खोली बाईची, मुलगा बाईचा. कायद्याच्या दृष्टीने तिथे कामगार बालक कोणी नव्हतेच. आम्ही नमुन्यातल्या त्या रकान्यात ‘निल’, म्हणजे आपल्या मराठीत निरंक, असे लिहिले आणि खाली सही केली. बाईने आग्रह केला म्हणून चहाही घेतला. तो आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात तोच मुलगा पळत गेला. किटली ठेवून तो पुन्हा आईच्या गुडघ्याशी बसला आणि मुडपू लागला.

कायद्याबाहेर आम्ही काही केले नाही. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलांना कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी आली. शाळेनंतर कुटुंबाला धोकादायक नसलेल्या कामात हातभार लावण्याची मुभा तेवढी राहिली. तोवर तो मुलगा मुलाबाळांचा बाप झाला असेल. ज्या घरात चूल हजारी दरावर पेटते तिथे एका शेऱ्याने काय बदलले असते, असा प्रश्न आम्ही स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. कदाचित काहीच नाही. तरीही शेऱ्यासाठी कागदाला समास होता. ‘एक मूल रात्री काम करताना पाहिले’ एवढे एक वाक्य तिथे मावले असते. कायद्याने ते मोजावयाचे नव्हते. पाहिले होते हे लिहिण्यास मात्र कोणी मनाई केली नव्हती.

महाभारताच्या आदिपर्वात वालखिल्यांची कथा आहे. अंगठ्याएवढे हे ऋषी कश्यपाच्या यज्ञासाठी पळसाची एक काडी सगळे मिळून वाहून नेत होते आणि गाईच्या खुराएवढ्या पाण्याच्या डबक्यात अडखळत होते. समिधांचा डोंगर उचलून चाललेला इंद्र त्यांना पाहून हसला आणि त्यांना ओलांडून पुढे गेला. त्या अपमानातून त्यांनी जो संकल्प केला, त्यातून पुढे गरुड जन्मास आला. लहानपणी ही कथा ऐकताना आम्ही इंद्राला हसत असू. निपाणीच्या त्या खोलीचा उंबरठा आम्हीही असाच ओलांडला. हसलो नाही, एवढाच काय तो फरक.

वर्गात शेवटचा उपक्रम राहिला होता. बाईंनी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. आपल्यासाठी कोणीतरी काम करते, पण आपल्याला ते दिसत नाही. अशा एकाला चार ओळी लिहायच्या आणि चिठ्ठी आपल्या एल्फाच्या पोटात ठेवायची. मुलांनी पहाटे पाव टाकणाऱ्याला लिहिले, नळाला पाणी सोडणाऱ्याला लिहिले, शाळेची स्वच्छतागृहे धुणाऱ्या मावशींना लिहिले. कोणत्या लिपीत लिहावे, असे कोणी विचारले नाही आणि बाईंनीही सांगितले नाही. कन्नड, देवनागरी, उर्दू, रोमन अशी अक्षरे एकाच टेबलावर शेजारी शेजारी पडली. ज्या गावात पाटीवरच्या अक्षरांवरून माणसे रस्त्यावर येतात, त्या गावच्या माणसाला हे दृश्य पुरेसे होते. आमच्या नातीने आजीला लिहिले होते, मराठीत. ‘पोळ्या’ या शब्दातला ‘ळ’ तिने उलटा काढला होता. तिला घरी मराठी शिकवण्याचे आम्ही वर्षभर पुढे ढकलत आलो होतो. त्या उलट्या ‘ळ’ने आमची कानउघाडणी केली. नाताळच्या सुट्टीपासून रोज संध्याकाळी पाटी-पेन्सिल निघू लागली आहे.

एक चिठ्ठी उरली होती. ती आम्ही घेतली.

रात्री जेवणे झाल्यावर नातीने आपला एल्फ सोप्यातल्या कपाटात, दिवाळीच्या किल्ल्यावरून उरलेल्या मातीच्या मावळ्याशेजारी नेऊन ठेवला. मावळ्याची ढाल आणि एल्फाची टोपी यांची उंची जवळजवळ सारखीच भरली. मग ती आमच्याजवळ येऊन म्हणाली, “आज्जा, तुम्ही कुणाला लिहिलंय?”

आम्ही तिला निपाणीच्या त्या मुलाविषयी सांगितले. चिमणी सांगितली, सूप सांगितले, चहाची किटली सांगितली. रकान्यात काय लिहिले तेही सांगितले. ती मध्ये एकदाही बोलली नाही. सगळे ऐकून झाल्यावर तिने विचारले, “त्याचं नाव काय होतं?”

नाव आम्ही विचारले नव्हते.

तिने चिठ्ठी आमच्या हातातून घेतली. वर नावासाठी जागा कोरी होती. पेन्सिलीने तिथे तिने एक लहानसे चित्र काढले. टोपी नाही, टोकदार कान नाहीत; साधा मुलगा, दोन्ही हात पुढे. बोटे मात्र तिने नीट मोजून पाच-पाच काढली. मग चिठ्ठीची सुरळी करून ती एल्फाच्या पोटात सरकवली आणि झोपायला गेली.